माझ्या नावाची भाकर

१

दरवर्षी मे महिन्यात मी कुवेतहून घरी येते. लोक म्हणतात, मजा आहे बाई तुमची, विमानात बसता! एकदा त्या मजेत बसवून आणलं पाहिजे सगळ्यांना. मुंबईला कस्टमवाल्यांशी हुज्जत घालायची, मग गाडीत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पेटीवर बसून नागपूर गाठायचं. स्टेशनवर माझा नवरा रुपराव रिक्षा ठरवून उभा असतो. "प्रवास झाला ना बरोबर?" एवढंच विचारतो.

मी नर्स आहे. कुवेतला लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. रुपरावांची मिल बंद पडली आणि गांधीबागेत कापडाच्या गोदामावर जे काम मिळालं त्यात घर चालेना, म्हणून मी गेले. कोणी ढकललं नाही, हे खरं. पण "नको जाऊ" असंही कोणी म्हणालं नाही, आणि ते मी विसरलेले नाही. मुलगी प्रेमिला तेव्हा शाळेत जाऊ लागली होती आणि सुगत अंगावरच्या दुधावरून नुकताच सुटला होता. दोघांना सासूजवळ ठेवलं. मी परत येईन तेव्हा ही पोरं माझीच असावीत, एवढ्या एका गोष्टीवर मी तिथं दिवस काढले. बाकी मला काही नको होतं.

आधीच्या सुट्ट्यांना रिक्षा इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत शिरली की दोघं धावत यायची. त्या वर्षी कोणी आलं नाही. दार उघडंच होतं. प्रेमिला आरशासमोर वेणी घालत होती, सुगत फरशीवर गोट्या मांडून बसला होता. त्यानं मान वर केली.

"आई, दार लाव ना. गरम हवा येऊन राहिली," म्हणाला, आणि पुन्हा गोट्यांकडे वळला.

मी उंबऱ्यात पेटी धरून उभी. प्रेमिला आरशातूनच म्हणाली, "माझी लाल रिबीन कुठं ठेवली वं आई?"

"मी कुठं ठेवणार? मी आत्ता येऊन राहिली ना!"

ती वळली. माझ्या प्रवासानं चुरगळलेल्या साडीकडे, पेटीकडे बघितलं. काहीतरी गिळल्यासारखं केलं आणि म्हणाली, "हो ना."

२

दिवेलागणीला जेवायला बसलो. आमचं स्वयंपाकघर म्हणजे मागची लांबट खोली. त्यात एका ओळीत बसायचं. माझी जागा चुलीकडच्या टोकाला, सुगतच्या शेजारी. तिथं एक ताट आधीच वाढून झाकून ठेवलं होतं. मी बसायला गेले तर सासूनं माझा हात धरला.

"तिथं नको बसू. इकडं बस, माझ्याजवळ."

"काहून? माझी जागा आहे ना ती?"

"तुझीच आहे वं. म्हणूनच तं."

माझी सासू तुळसाबाई खापा गावची. सासरे विणकर होते आणि बाजारोबाजारी कापड घेऊन फिरायचे. तेव्हापासून तिची एक सवय होती. घरचं माणूस बाहेरगावी असलं की त्याच्या नावाची एक भाकर थापायची, त्याच्या जागेवर ठेवायची. म्हणे त्यानं माणसाचे पाय घराकडे वळतात. बाजाराला गेलेल्या नवऱ्यासाठी दोन-चार दिवस हे ठीक आहे. समुद्रापलीकडं नोकरी करणाऱ्या सुनेसाठी वर्षानुवर्षं, रोज, असं कोणी करतं का? मी दर वेळी हसण्यावारी न्यायचे. त्या संध्याकाळी हसू आलं नाही.

"आत्याबाई, आता तं मी आली ना. मग हे ताट कोणाचं?"

"तुझंच."

"अन् हे माझ्यापुढचं?"

सासूनं माझ्या ताटात भाकर वाढली. रुपराव खाली मान घालून कालवण ओरपत होते.

"छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा घेतली मी," मी म्हणाले. "श्राद्ध करणार नाही, असं सगळ्यांसोबत ओरडून बोलली. अन् माझ्याच घरात जित्या माणसाचं पान वाढून राहिले तुम्ही?"

"पान नाई वं. भाकर आहे. मायेची भाकर."

पूर्वी ती भाकर सकाळी गल्लीतल्या कुत्र्याला घालत असत. दुसऱ्या दिवशी उठले तर ताट घासून पालथं घातलेलं होतं.

"घातली का कुत्र्याले?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासून उरतच नाई," सासू म्हणाली आणि बादली घेऊन नळावर गेली.

३

उंदीर असतील. मांजर असेल. पोरं खात असतील. मी हे सगळं मनात मांडलं, आणि मला ते पटलंही. आठ दिवस मी दुसऱ्या गोष्टींवरच चिडत राहिले. सुगत माझ्याजवळ झोपेना. प्रेमिला माझ्याकडून वेणी घालून घेईना, म्हणे सकाळीच घातली. सकाळी सासू नळावर होती आणि मी अंघोळीला. मग वेणी कोणी घातली? "मीच," म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीला मागच्या बाजूनं अशी ताठ पाचपेडी वेणी घालता येते होय? तशी मला येते. माझ्या आईनं मला शिकवलेली.

मग एक दिवस नळावर शेजारची इंदूबाई भेटली.

"बरं झालं बाई तुम्ही होत्या म्हणून," ती म्हणाली. "नाहीतं सुगत काही हाती लागत नव्हता."

"कधी?"

"टायफॉइड झाला तेव्हा ना! मोठ्या थंडीत. मी येता-जाता पाहात होती खिडकीतून. पाठमोऱ्या बसून राहत तुम्ही त्याच्या उशाशी. आवाज नाई दिला, म्हटलं बाई पोराच्या काळजीत आहे."

मोठ्या थंडीत मी कुवेतला होते. मला सुट्टी नव्हती आणि कोणी मला काही कळवलंही नव्हतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी भरलेली घागर तिथंच सोडून घरी आले. रुपराव गोदामावर जायला निघाले होते.

"माझं लेकरू मरणाच्या दारात होतं अन् मले एक तार नाही केली तुम्ही?"

"करून काय झालं असतं?" ते चप्पल घालत म्हणाले. "आली असती तू? करार तोडून?"

"आली असती!"

"बरं, आली असती." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "पण तेवढ्यात तं सगळं निभलंच ना."

"कसं निभलं? कोण बसली होती त्याच्याजवळ?"

त्यांचं तोंड उघडलं. मला नक्की दिसलं, ते 'तूच' म्हणणार होते. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "माय होती. अजून कोण असणार?"

४

बाई ठेवली. दुसरं काय? असं झाल्यावर कोणत्याही बायकोच्या मनात जे येईल तेच माझ्या मनात आलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. निदान झिंज्या धरून बाहेर काढता येईल असं कोणीतरी मिळालं. आयत्या बिळावर नागोबा! फरशीपासून पत्र्यापर्यंत हे घर माझ्या पगारातून उभं राहिलं, आणि त्यात दुसरीच कोणी माझ्या पोराच्या उशाशी बसते!

मी घर धुंडाळलं. पेट्या उपसल्या, गाद्या झटकल्या. केसांचा आकडा नाही, बांगडीचा तुकडा नाही, परकी साडी नाही. माझ्याच जुन्या दोन सुती साड्या होत्या, मी जाताना ठेवून गेलेल्या. त्या विरल्या होत्या. घडी घालून ठेवलेली साडी इतकी विरते का? आणि पदराच्या टोकाला हळदीचे हात पुसलेले होते.

सासू नेसली असेल, म्हटलं. पण सासू नऊवारी नेसते.

त्याच दुपारी लाइट गेली. नागपूरची मे महिन्यातली दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. कूलर थांबला आणि घरातली शांतता एकदम कानावर आली. सासू बाहेरच्या खोलीत घोरत होती, प्रेमिला तिच्याजवळ आडवी. मी गादीवर पडले होते, घाम पुसत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. कट्. थांबून पुन्हा, कट्.

तो आवाज मी ओळखते. ट्रेनिंगला असताना माझं उजवं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून थर्मामीटर झटकला की त्या मनगटात हाड वाजतं. वॉर्डातल्या मुली थट्टा करतात, सिस्टर आली की आधी हाड ऐकू येतं. मी माझ्याच मनगटाकडं बघितलं. ते गादीवर निपचित पडलं होतं.

उठले. स्वयंपाकघराच्या दारात गेले. आत दुसरं कोणी नव्हतं. सुगत एकटा बसला होता, भिंतीला टेकून, माझ्या जागेकडं तोंड करून. त्यानं ओठ घट्ट मिटले होते आणि गाल जरा फुगवले होते. तोंडात काही नव्हतं. थर्मामीटर माझ्या पेटीत, कुलपात होता.

"काय करून राहिला रे?"

त्यानं बोट वर केलं. थांब म्हणून. मी थांबले. वॉर्डात पोरांना मी हेच शिकवते, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मग त्यानं ओठ उघडले, आणि माझ्याकडं न बघता चुलीच्या बाजूला बघून विचारलं, "किती आहे?"

आणि काहीतरी ऐकून समाधानानं मान हलवली.

५

सासूला मी हलवून उठवलं. म्हातारीला असं उठवू नये, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"काय आणून ठेवलं तुम्ही माझ्या घरात?"

ती उठून बसली. पदर डोक्यावर घेतला. खोटं बोलायचा प्रयत्नही तिनं केला नाही, याचाच मला जास्त राग आला.

"पोरगं चाललं होतं वं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणे, रात्र काढली तं काढली. मी भाकर थापली, तुझ्या जागेवर ठेवली, अन् हाका मारल्या. कौसल्या, ये वं माय, तुझं लेकरू चाललं. घसा बसेपर्यंत मारल्या."

"मग?"

"मग आलं."

"कोण आलं?"

"मी तुलेच बोलावलं होतं." तिनं पदर आणखी पुढं ओढला. "तू तं नाई आली. मग कोण आलं हे मले कसं ठावं? मी तोंड नाई पाह्यलं. पोरगं वाचलं, मी पाय धरून घेतले असते तिचे."

"नर्स आहे मी! औषधानं वाचला तो!"

"असंन," सासू म्हणाली. "औषध वेळेवर पाजाले कोणीतरी लागतेच ना."

मला त्या म्हातारीचा गळा धरावासा वाटला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "आजपासून माझ्या नावाची भाकर बंद. अन् मी कुवेतला जात नाही आता. खलास."

दारात रुपराव उभे होते, जेवायला आलेले. त्यांनी ते ऐकलं. बायको परत चालली नाही म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा कसा व्हायला हवा? त्यांचा पडला.

६

संध्याकाळी मी कोणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मीच थापल्या भाकरी, मोजून, घरात जितकी तोंडं तितक्या. ताटं वाढली आणि माझ्या जागेवर मी बसले. फरशी ऊबदार लागली, आत्ताच कोणी उठून गेल्यावर लागते तशी. चुलीची ऊब असेल, म्हटलं. चूल होतीच जवळ.

"जेवा," मी म्हणाले.

कोणी हात लावला नाही. सुगतनं घास मोडून हातात धरला होता. प्रेमिला माझ्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडं पाहत होती आणि लगेच नजर खाली वळवत होती. रुपराव ताटातल्या कांद्याशी खेळत बसले होते. त्यांनाही दिसतं का, ऐकू येतं का, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्या उत्तरानंतर मला त्यांच्याशी संसार करता आला नसता.

"जेव ना सुगत."

"आई, जरा सरक," तो म्हणाला. "तिले जागा दे ना."

मी ताटावर हात आपटला. वरण उडालं. "कोणाले? कोण आहे तिथं? आई मी आहे तुझी! नऊ महिने मी वागवलं! तिकडं वाळवंटात लोकांच्या लेकरांचं हागणं-मुतणं काढते ते कोणासाठी? आई मी आहे!"

सुगत रडायला लागला. प्रेमिलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या माणसासारखा, आणि माझी समजूत घातली. माझी! मला शांत करायला ती म्हणाली, "हो आई. तू बी आहेस ना."

त्या संध्याकाळी पोरं उपाशी उठली. कोपऱ्यात काही नव्हतं. मी कंदील घेऊन बघितलं, दोनदा बघितलं. कोपरा रिकामा होता, पोपडे आलेली भिंत आणि वर टांगलेली चाळण.

७

नंतरचे दिवस मी राखण केल्यासारखी घरात बसले. बाजारालासुद्धा गेले नाही. आवाज बंद झाला, फरशी गार झाली. मी जिंकले असं मला वाटलं, आणि हे मी मोठ्यानं सासूला ऐकवलंही. ती मात्र सुगतकडं बघत होती. पोरगं वाळत चाललं होतं. खेळायचं नाही, चिडचिड नाही, नुसतं दाराकडं बघत राहायचं.

मग त्याला ताप भरला.

ऊन लागलं असेल, साधा ताप असेल, हे मला कळत होतं. असे शंभर ताप मी उतरवले आहेत. पट्ट्या, मीठ-साखरेचं पाणी, गोळी, सगळं हाताशी होतं. पण तो मला हात लावू देईना. माझा हात कपाळावर आला की किंचाळायचा. तोंडात गोळी घातली की थुंकायचा. "तू नको! आईले बोलाव! आईले बोलाव ना!" दुपार कलली तसा त्याचा पारा चढत गेला. रुपराव डॉक्टरला आणायला सायकल घेऊन गेले ते येईनात. सुगतचे डोळे वर फिरायला लागले, हातपाय झटके देऊ लागले. सासूनं त्याला धरलं आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मला आयुष्यात कोणाचा इतका राग आला नाही जितका त्या क्षणी सगळ्यांचा आला. नवऱ्याचा, सासूचा, बंद पडलेल्या मिलचा, कुवेतच्या त्या थंडगार वॉर्डाचा, जिथं दुसऱ्यांची पोरं माझं बोट धरून झोपतात. उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पीठ काढलं. मी भाकर थापली, जोरजोरात, एखाद्याच्या थोबाडीत मारावी तशी. तव्यावर टाकली. करपली थोडी. करपू दे, म्हटलं. माझ्या जागेवर ताट ठेवलं आणि भाकर ठेवली.

"ये," मी म्हणाले. "कौसल्या, ये. तुझं लेकरू चाललं."

मागं न बघता मी बाहेरच्या खोलीत आले. सासूनं सुगतला गादीवर ठेवलं होतं आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली होती, पदर पार नाकापर्यंत ओढून. मी पोराच्या एका बाजूला बसले, पट्टी भिजवली, पिळली. पलीकडच्या बाजूला गादी जराशी दबली.

मी मान वर केली नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती आणि मी ते कबूल करते. मला फक्त गादीच्या कडेपर्यंत दिसत होतं. तिथं एक हात आला, सुगतच्या कपाळावर ठेवला गेला. हात माझाच होता. बोटं माझी, मोडून वेडंवाकडं जुळलेलं मनगट माझं. पण माझे हात स्पिरिटनं धुऊन धुऊन गुळगुळीत, पांढरे पडले आहेत. या हातावर तवा लागल्याचे चट्टे होते, नखांत राख होती, तळवा पाणी भरून भरून खरबरीत झाला होता. इथंच राहिलेल्या बाईचा हात होता तो.

सुगतचे झटके थांबले. श्वास ताळ्यावर आला. मी गोळी पुढं धरली, त्या हातानं ती घेतली आणि पोराच्या तोंडात घातली. थुंकला नाही. घटाघटा पाणी प्यायला. बाहेर सायकलची घंटी वाजली, रुपराव कोणाशी तरी बोलत येत होते.

सुगत डोळे मिटूनच म्हणाला, "आई."

"ओ," मी म्हणाले.

"ओ," समोरून आलं.

पोरगं क्षणभर थांबलं. मग कूस बदलून ते तिकडं वळलं.